डावीकडे झुकलेला काटा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या. पण खरं लिहा." शेवटचे तीन शब्द त्यांनी उगाच खर्च केले. मी खोटं कधीच बोलत नाही. खरं अंगानं जरा किरकोळ असेल तर त्याला खाऊपिऊ घालतो, इतकंच.

मी मोटारींचा इलेक्ट्रिशियन. पन्नास-साठच्या दशकात बेंगळूरच्या मल्लेश्वरमला, मार्गोसा रस्त्यामागच्या बोळात, संपिगेच्या म्हणजे सोनचाफ्याच्या झाडाला टेकून माझी पत्र्याची शेड होती. इंजिनवाले मिस्त्री वेगळे आणि आम्ही वेगळे. ते कोपरापर्यंत काळे व्हायचे, आम्ही स्वच्छ राहायचो, फक्त आमच्या कपड्यांना ॲसिडची भोकं पडायची. माझे सदरे दोरीवर वाळत असले की शेजारच्या कमलाक्का आमच्या घरी चाळण्या उसन्या मागायला यायच्या.

माझे कान तेव्हा असे होते की रस्त्यानं गाडी गेली तर आत बसून मी सांगायचो, डायनॅमोचे ब्रश किती झिजलेत. कंटोन्मेंटात हॉर्न वाजला की मल्लेश्वरमात सांगायचो, बॅटरीचा कितवा सेल बसलाय. यातलं निम्मं अगदी खरं आहे. कुठलं निम्मं, ते आता माझ्याही लक्षात नाही.

धंदा समजायला सोपा होता. गच्चीवरची पाण्याची टाकी म्हणजे बॅटरी आणि विहिरीवरचा पंप म्हणजे डायनॅमो. इंजिन फिरलं की पट्ट्यावर डायनॅमो फिरतो आणि टाकी भरत राहते. मधे एक दार असतं, त्याला कटाऊट म्हणायचं. पंपात जोर असेल तेव्हा ते उघडतं, जोर कमी पडला की मिटतं, नाहीतर टाकीतलं पाणी उलटं विहिरीत जाईल. आणि हे सगळं मालकाला कळावं म्हणून समोर घड्याळाएवढी एक तबकडी असायची. तिच्यात एक काटा. मधोमध उभा असला तर येणंजाणं सारखं, उजवीकडे कलला तर भरतंय, डावीकडे कलला तर चाललंय. झालं, एवढंच माझं शास्त्र. बाकी नाटक.

माझ्या धंद्याचा खरा हंगाम आयुधपूजेनंतर, म्हणजे खंडेनवमीनंतर. आमच्याकडे त्या दिवशी गाडीला हार, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू, सगळं होतंच. पण काही भाविक मंडळी बॉनेट उघडून आतल्या एकेका अवयवाला हळदीकुंकू लावायची. एका गृहस्थांनी कटाऊटचं झाकण काढून आतल्या दोन टिकल्यांच्या मधोमध ओलं गंध लावलं होतं. दार गंधानं चिकटून बसलं आणि दुसऱ्या दिवसापासून बॅटरी उपाशी. मी नखानं गंध खरवडलं, तेच कपाळाला लावलं आणि गाडी परत दिली. गृहस्थांना वाटलं, मी मंत्र घातला. मी तसं वाटू दिलं.

अशाच एका आयुधपूजेनंतरच्या आठवड्यात व्यंकटरावांची गाडी चौघांनी ढकलत माझ्या दारात आणली.

व्यंकटराव सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या वाडवडिलांपासून घराणं इथलंच, माझ्यासारखं. उभ्या म्हैसूर संस्थानात त्यांनी साखळी टाकून जमिनी मोजल्या होत्या, आणि अजूनही ते रस्ता ओलांडताना मनात मोजत असावेत असं वाटायचं. गाडी काळी, विलायती, एका मळेवाल्या साहेबाकडून घेतलेली. गल्लीतली पोरं तिला म्हैस म्हणायची. चौघं घामाघूम होऊन ढकलत होते, राव बाजूनं छत्री धरून चालत होते आणि आत पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी तुंगाक्का ताठ बसून होत्या. त्यांना उतरायला रावांची मनाई होती.

कारण असं की तुंगाक्कांच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, हादरा बसता कामा नये. म्हणून बस नाही, टांगा नाही, परक्या माणसाच्या हातची टॅक्सी तर नाहीच. जायचं तर आपल्या गाडीनं, आणि ती चालवणार राव.

आणि तुंगाक्कांना जायचं होतं. त्यांचं माहेर शिरा, तुमकूरच्या पुढं, पुण्याच्या रस्त्यावरचं जुनं गाव. तिथं त्यांची थोरली बहीण होती. तिला त्या दोड्डक्का म्हणायच्या, म्हणजे मोठी अक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच यांना वाढवलं होतं. तिला काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेला होता, डाव्यात थोडा उजेड उरला होता आणि तोही उतरत होता. मी बॉनेटमध्ये डोकं घालून असताना तुंगाक्कांनी खिडकीतून हे सगळं मला सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तिला दिसतंय तोवर एकदा माझं तोंड दाखवून येते. मग काही मागणं नाही."

राव म्हणाले, "जाऊ की. गाडीचा भरवसा आला की दुसऱ्या दिवशी निघू. माळरानावर बंद पडली तर तुला घेऊन मी काय करू?"

मी तिशीच्या आतला, जिभेला हाड नसलेला माणूस. मी म्हटलं, "अक्का, काळजी सोडा. दिवाळीचं अभ्यंग बहिणीकडंच करा."

पट्टा जरा सैल होता, तो ताणला. बॅटरी एक दिवस चार्जिंगला लावली. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला तर काटा टुणकन उजवीकडे. राव खूश, मी खूश. आठव्या दिवशी म्हैस परत दारात, ढकलत.

मग मी ब्रश बदलले. काटा उजवीकडे. आठ दिवसांनी म्हैस दारात. कटाऊटच्या टिकल्या घासल्या, पुढच्या खेपेला अख्खा कटाऊट बदलला. मग बॅटरीचं डांबर वितळवून एक सेल नवा बसवला. त्या काळी बॅटरीचा सुटा सेल बदलता यायचा, आता हे सांगितलं तर लोक मला म्हातारचळ लागला म्हणतील. मग अर्थिंगची पट्टी बदलली. मग डायनॅमो उतरवून सिटी मार्केटजवळच्या एका गुंडाळीवाल्याकडून नवी तार गुंडाळून आणली. दर खेपेला शेडमध्ये काटा उजवीकडे जाऊन मला सलाम ठोकायचा, आणि दर खेपेला आठ-दहा दिवसांत गाडी मेलेली. इतकं बदललं की मूळच्या गाडीचा फक्त हॉर्न उरला होता म्हणा.

दिवाळी गेली, कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. दर खेपेला तुंगाक्का पुढच्या सीटवर बसून असायच्या. आधी विचारायच्या, "आता होईल ना हो?" मी म्हणायचो, "आता न व्हायला ती काय बापाची पेंड खाते?" मग त्यांनी विचारणं सोडलं. पौषात शिऱ्याहून एक कार्ड आलं, शेजारच्या मास्तरांच्या अक्षरातलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात होतं, डाव्या डोळ्याला अजून समईची वात दिसते, ये.

दुसऱ्या कुणाला गाडी दाखवा असं मी तेव्हा म्हणू शकलो असतो. कंटोन्मेंटातल्या शिवाजीनगरला एक म्हातारा इलेक्ट्रिशियन होता, माझ्याहून दसपट जाणता. पण माझ्या कानांची मल्लेश्वरमात कीर्ती होती आणि ती मला फार प्यारी होती. मी म्हटलं, अजून एकदा बघतो.

माघातली गोष्ट. राव समोरच्या दुकानात कॉफी दळून घ्यायला गेले होते. मी परत इंजिन चालू केलं, परत काटा उजवीकडे नेला आणि कपाळाला हात लावून उभा राहिलो. तुंगाक्का आतून म्हणाल्या, "अण्णा, एक विचारू? तुम्ही बसता तेव्हा हा काटा तिकडं जातो. आम्ही जातो तेव्हा कधीच जात नाही."

"कधीच म्हणजे?"

"म्हणजे कधीच. मला बाहेर बघायला काही नसतं. मी काट्याकडंच बघत असते. देवळात जाताना डावीकडं, बाजारात जाताना डावीकडं, घरी येताना डावीकडं."

"अहो अक्का, मग हे अश्विनातच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सगळं यांना विचारलंत."

खरं होतं. चार महिने मी गाडीला विचारलं, रावांना विचारलं, गुंडाळीवाल्याला विचारलं. काट्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाला विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

राव कॉफीची पुडी घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, राव, आज मीही बसतो मागं, घरापर्यंत चला. ते सरी म्हणाले, म्हणजे बरं. मी मागच्या सीटवर बसलो आणि पुढं वाकून बघितलं, तर तुंगाक्कांच्या पायांमध्ये एक पितळी तांब्या. काठोकाठ पाण्यानं भरलेला.

"हे काय, तहान लागते?"

"नाही," राव अभिमानानं म्हणाले. "सात वर्षं झाली, यातला थेंब सांडू दिला नाही मी. पाणी हललं नाही म्हणजे हिची पाठ हलली नाही."

आणि ते निघाले. देवाशपथ सांगतो, एक गाय आम्हाला मागं टाकून गेली. ती घाईत नव्हती. गाडी हलली न हलली तोच रावांनी गिअर वरचा टाकला, म्हणजे इंजिनाची धडधड नको. इंजिन झोपेत बोलल्यासारखं गुरगुरत होतं. समोर झाड दिसलं की हॉर्न. झाड दूर असेल तरी हॉर्न. भर दुपारी साइडचे दिवे चालू, कारण सावध असलेलं बरं. डायनॅमो बिचारा इतका हळू फिरत होता की त्याच्या जोरावर कटाऊटचं दार उघडणं शक्यच नव्हतं. हॉर्न, दिवे, इंजिनाची ठिणगी, सगळं बॅटरीतून जात होतं आणि आत काहीच येत नव्हतं. काटा डावीकडे मान टाकून पडला होता. तुंगाक्का त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या पायांत तांब्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं.

इतकी वर्षं गाडी चालली ती राव दर आठवड्याला बॅटरी दुसरीकडून भरून आणायचे म्हणून, हे मला नंतर कळलं. गाडीत रोग नव्हताच. मी चार महिने धडधाकट बाईला औषधं पाजत होतो.

आता हे रावांना सांगायचं कसं? सात वर्षं माणसानं श्वास रोखून गाडी चालवली, ती बायकोची पाठ मोडू नये म्हणून. त्याला सांगू, की तुझ्या मायेनंच ही शिऱ्याला जायची राहिली? मला ते जमलं नाही. म्हणून जे जमतं ते केलं. चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, राव, सापडलं. डायनॅमोला दमा आहे. आता नवी तार गुंडाळली आहे ना, ती मोकळी व्हायला त्याला धावायला लागेल. निदान तीस मैलांच्या वेगानं, रोज अर्धा तास, नेलमंगलच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर. हॉर्न आणि दिवे बंद, म्हणजे त्याला धाप लागणार नाही. पंधरा दिवसांत बरा होईल.

राव पांढरे पडले. "तीस? आणि ही?"

तुंगाक्का म्हणाल्या, "डॉक्टरांनी सहा महिने सांगितलं होतं. तुम्ही सात वर्षं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. यशवंतपूरच्या फाटकाशी आगगाडीसाठी थांबलो. फाटक उघडलं. रावांनी गिअरवर हात ठेवला, पण गाडी काही पुढं नेईनात. नजर तांब्यावर. तेव्हा तुंगाक्कांनी वाकून तांब्या उचलला, खिडकी खाली केली आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतून टाकलं. तांब्या माझ्याकडे मागं दिला आणि म्हणाल्या, "आता चला."

दहा, पंधरा, वीस. पंचविसाला डायनॅमोचा सूर बदलला. तो सूर मी आजही झोपेत ओळखीन. आधी घशातल्या घशात, मग एकदम मोकळा. बॉनेटखाली कटाऊटचं दार टकन उघडलं आणि काटा उठला. मधोमध आला, थांबला, आणि हळूच उजवीकडे कलला. तुंगाक्कांनी तबकडीच्या काचेला बोट लावलं. माळावरचा वारा आत येत होता, पदर फडफडत होता, आणि रावांच्या मानेवर घामाचे थेंब उभे होते.

"दुखतंय का?" राव विचारत होते. "अगं, दुखतंय का?"

"स्वल्प अजून पळवा," तुंगाक्का म्हणाल्या.

पंधरा दिवसांचा दमा आठ दिवसांत बरा झाला आणि माघ संपायच्या आत आम्ही शिऱ्याला निघालो. मला रावांनी सोबत घेतलं, स्टार्टिंगचं हँडल माझ्या मांडीवर दिलं आणि एक जादा बॅटरी पायाशी ठेवली. डाबसपेट, तुमकूर, पुढचं चिंचेच्या झाडांचं रान, कुठं म्हणून गाडी कुरकुरली नाही. मी सांगतो म्हणून नाही, पण त्या दिवशी बॅटरी इतकी भरली होती की तिच्यावर तुमकूर शहराचे दिवे लागले असते. तुंगाक्का एकेक तळं, एकेक टेकडी नावानं ओळखत होत्या आणि मागं वळून मला सांगत होत्या.

दोड्डक्का ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण आमच्याकडे नाही, जरा भलतीकडेच. तुंगाक्का अंगणात क्षणभर थबकल्या. मग जाऊन त्यांच्या पुढ्यात बसल्या. म्हातारीनं हात पुढं केला, कपाळावरून, नाकावरून, गालावरून फिरवला, हनुवटीशी थांबली.

"तुंगे, वाळलीस की गं."

"दिसतंय का गं अक्का काही?"

"संक्रांतीपर्यंत दिसत होतं," दोड्डक्का म्हणाल्या. "वात दिसायची. आता वात कुठं आहे ते ऊब लागली की कळतं. असू दे. आलीस ना."

त्यांनी ते कुणाला बोल लावायला म्हटलं नव्हतं. त्यांना माहीत तरी काय होतं, की दाराशी हँडल घेऊन उभा असलेला माणूस कोण. पण मी गाडीपाशी गेलो, बॉनेट उघडलं आणि काही बिघडलेलं नसताना बराच वेळ आत बघत राहिलो. मी अश्विनात एक प्रश्न विचारला असता, एकच, तर त्या दोन बहिणींनी एकमेकींना बघितलं असतं. माझ्या हातून गाड्या जळल्या, एकाच्या लग्नाची वरात अडली, एका मंत्र्याची गाडी झेंड्यासकट चौकात उभी राहिली. ते सगळं मी रंगवून सांगतो आणि लोक हसतात. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण हिच्यात रंगवण्यासारखं मला काही सापडलं नाही.

परवा माझ्या नातवाची गाडी त्याच्या बेळ्ळंदूरच्या इमारतीखाली बंद पडली. मी कौतुकानं खाली गेलो, म्हटलं काटा बघू. काटा नाही. म्हणाला, "आजोबा, लाल दिवा लागतो." कधी लागतो? तर सगळं संपल्यावर. गाडी ढकलायला तीन सुरक्षारक्षक आले आणि मी बाजूनं चालत राहिलो. डायनॅमोही गेले आता, त्यांच्या जागी दुसरं यंत्र आलं, गाडी जागच्या जागी उभी असली तरी ते बॅटरी भरतं म्हणे. चांगलंच आहे. पण पंचविसाला सूर बदलायचा, तो आता कुठंच ऐकू येत नाही. मल्लेश्वरमच्या बोळात खुर्ची टाकून तासन्‌तास बसलो तरी नाही.

आम्ही शिऱ्याला तीन दिवस राहिलो. दोघी बहिणी सारा वेळ हातात हात धरून बसल्या होत्या. काय बोलत होत्या मला माहीत नाही, मी लांबच राहिलो. निघायच्या दिवशी दोड्डक्कांना अंगणात आणून उभं केलं, त्यांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, थंड आहे गं. त्यानंतर तुंगाक्कांचं शिऱ्याला जाणं झालं नाही. पुढच्या श्रावणात दोड्डक्का गेल्या.

पण त्या दिवशी परत निघताना हे कुणाला माहीत नव्हतं. राव आता पक्के झाले होते. गावाबाहेर पडताच त्यांनी गाडी तिसापर्यंत नेली, काटा उजवीकडे ठेवला आणि आरशातून माझ्याकडे असं बघितलं की जणू डायनॅमो त्यांनीच शोधून काढला. तेवढ्यात तुंगाक्कांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"जरा सावकाश चालवा की."

"का? दुखतंय?"

"नाही दुखत."

रावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पाय उचलला. वीस, पंधरा, दहा. डायनॅमोचा सूर घशात उतरला. काटा मधोमध आला आणि डावीकडे पडला. इलेक्ट्रिशियन म्हणून मी बोलायला हवं होतं, की राव, पुढं सत्तर मैल आहेत, असं चाललो तर तुमकूरच्या आधी बॅटरी आटेल. पण हँडल होतंच माझ्या मांडीवर. ढकलली असती हवी तर बेंगळूरपर्यंत.

तुंगाक्का सीटवर वळल्या आणि मागं बघू लागल्या. मागची काच केवढीशी, आणि तिच्यासमोर माझं हे एवढं डोकं. मी हँडल खाली ठेवलं, सीटवरून घसरलो आणि गाडीच्या तळाशी, पाय मुडपून, बॅटरीला टेकून बसलो. तिथून मला रस्ता दिसत नव्हता, गाव दिसत नव्हतं. त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि तो बराच वेळ वळला नाही.